झोनमधली चप्पल

आमच्या बिलोलीत 'इनडोअर' म्हणजे कॅरम. फार तर बुद्धिबळ. त्यामुळं पुतण्यानं जेवताना "काका, उद्यापासून आमची रिलेची प्रॅक्टिस इनडोअर हाय" असं जाहीर केलं, तेव्हा मी भाकरीचा तुकडा कालवणात तसाच बुडवून त्याच्याकडं बघत राहिलो.

"कुठं?"

"मंगल कार्यालयात."

वहिनींनी तव्यावरची भाकरी उलटता उलटता विचारलं, "कुणाचं लगीन हाय?"

आता यात हसण्यासारखं काही नाही. शालेय क्रीडा स्पर्धा आधी तालुक्याला, मग नांदेडला जिल्ह्याच्या, मग लातूर विभागाच्या आणि नशीब जोरावर असलं तर राज्याच्या. हे सगळं पावसाळ्यात सुरू होतं. आमची जमीन काळी. तिच्यावर सोयाबीन चांगलं येतं, कापूस चांगला येतो, पोरं मात्र पळत नाहीत. पळतात, पण दहा पावलांत प्रत्येक बुटाखाली अर्धा किलो तालुका चिकटतो आणि लांब उडीवाला पोरगा उडी न मारताच उंच होतो. चार दिवस झड लागली की मैदानाचं तळं. दुसरीकडं, याच चातुर्मासात लग्नाचे मुहूर्त नसतात. आषाढी एकादशीला देव झोपतात ते कार्तिकीला उठतात. तोवर मंगल कार्यालयाचा मालक गेटवर खुर्ची टाकून माश्या मारत बसतो. पीटी सरांनी या दोन गोष्टी जोडल्या. मालकाला म्हणाले, "चार पोरं हाईत. जेवण नाही, मांडव नाही, बँड नाही." मालकाला अशा पार्टीची सवय नव्हती. त्यानं फुकट दिलं.

मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. सकाळी कुठं जावं हा माझ्यापुढचा रोजचा मोठा प्रश्न. दुसऱ्या दिवशी मीही मंगल कार्यालयात हजर.

छताखाली पळणं ही थंड मुलखांतली रीत आहे. तिकडं हिवाळ्यात बाहेर बर्फ असतो, म्हणून २०० मीटरची वाटोळी धावपट्टी घरात बांधतात आणि वळणावर ती उचललेली असते, मौत का कुआँची धाकटी बहीण म्हणा. न्यूयॉर्कात सैन्याच्या जुन्या कवायतीच्या इमारतीत, आर्मरीत, शाळकरी पोरांच्या रिले होतात आणि माणसं गॅलरीतून ओरडतात. आपल्याकडं भुवनेश्वरच्या कलिंगा स्टेडियममध्ये आता तशी सोय झाली आहे. आमच्याकडं शहाबादी फरशी, भिंतीला गणपती, कोपऱ्यात गाद्यांची थप्पी आणि समोर स्टेजवर नवरा-नवरीच्या लाल मखमलीच्या दोन खुर्च्या.

सरांनी टेप लावून हॉल मोजला. दारापासून स्टेजपर्यंत ३१ मीटर. सरांचा चेहरा असा उजळला की जणू मालकानं बांधकाम त्यांना विचारूनच केलं होतं. कारण चार बाय शंभरच्या रिलेत बॅटन देण्या-घेण्याचा जो पट्टा असतो, ज्याला सगळे झोन म्हणतात, तो बरोबर ३० मीटरचा. बदलाच्या रेषेच्या आधी २०, नंतर १०. बॅटन या ३० मीटरांतच एका हातातून दुसऱ्या हातात गेली पाहिजे. पाय कुठं आहेत, डोकं कुठं आहे, ते कुणी बघत नाही. बॅटन कुठं आहे तेवढं बघतात. पूर्वी झोन २० मीटरचा होता आणि त्याच्यामागं नुसतं वेग घ्यायला १० मीटर मिळत. २०१७च्या नोव्हेंबरात नियम बदलला आणि सगळे ३० मीटर झोनमध्ये आले. ही बातमी आमच्या तालुक्यातल्या सगळ्या सरांपर्यंत अजून पोचलेली नाही. दर वर्षी स्पर्धेच्या सकाळी फक्की मारताना दोन सरांचं यावरून भांडण होतं आणि तोवर पोरं नाश्त्याचे पोहे संपवतात.

म्हणजे मंगल कार्यालयात एक झोन मावत होता. पण येणाऱ्या पोरानं वेग कुठून घ्यायचा? तर मागच्या भटारखान्यातून. चुलाणं ओलांडून, पातेल्यांच्या रांगेमधून, दारातून आत. आणि बॅटन घेऊन पुढं सुटलेल्यानं थांबायचं कुठं? ती योजना कुणीच केली नव्हती. पहिल्याच फेरीत आमचा पुतण्या बॅटन घेऊन जो निघाला, तो दोन ढांगांत स्टेज चढला आणि नवरदेवाच्या खुर्चीत जाऊन बसला.

सर म्हणाले, "बस बस. अक्षता आणतो."

बॅटन म्हणालो खरं, पण ती बॅटन नव्हती. शाळेची एकुलती एक अ‍ॅल्युमिनियमची बॅटन कपाटात होती, कपाटाची किल्ली एका भल्या गृहस्थाकडं होती आणि ते भले गृहस्थ रजेवर होते. तेव्हा पुतण्यानं घरून लाटणं आणलं होतं. नियमानं बॅटन २८ ते ३० सेंटिमीटर लांबीची, आतून पोकळ, वजनाला निदान ५० ग्रॅम. आमचं लाटणं लांबीला बरोबर होतं. बाकी ते शिसवीचं, भरीव, माझ्या आईच्या लग्नातलं. मध्ये जाड, टोकाला निमुळतं, आणि वर्षानुवर्षं तेल पिऊन इतकं गुळगुळीत झालेलं की हातातून निसटायला त्याला निमित्त लागत नाही. फरशीवर ते पडलं की असा आवाज व्हायचा की गेटवरचा मालक आत डोकावून जायचा. सर म्हणाले, "लाटणं ज्याला देता येतंय, त्याला बॅटन म्हणजे खेळ." तिकडं घरी तीन आठवडे आम्ही थापलेल्या भाकरीच खाल्ल्या. वहिनी काही बोलल्या नाहीत. त्या बोलत नाहीत तेव्हा फार बोलतात.

संघाची रचना सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यात आहे. पहिला पोरगा दुधाच्या घरचा. पहाटे सायकलवर कॅन बांधून निघतो, कुत्री मागं लागतात. सुरुवात त्याच्याइतकी चपळ कुणाची नाही. दुसरा तेलुगू बोलणाऱ्या घरचा, वडलांचा इडलीचा गाडा. तिसऱ्याचे अब्बा पंक्चर काढतात. वळणावर तो असा झुकून पळतो की हात टेकवील असं वाटतं. चौथा, म्हणजे अँकर, आमचा पुतण्या. उंच आहे, सरळ रेषेत पळतो, हे खरं. पण सरांनी त्याला शेवटी का ठेवलं ते त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं: "साहेब, त्याला दिलेली वस्तू तो परत देत नाही. पेन, कंपास, माझी शिट्टी. म्हणून त्याला फक्त घ्यायचं काम दिलं."

हे मला फार पटलं. रिलेत पहिला फक्त देतो, शेवटचा फक्त घेतो. मधल्या दोघांना घ्यायचंही आणि द्यायचंही. घरातल्या मधल्या भावासारखं. फोटो मात्र पहिल्याचा, खाली वाकलेला. आणि शेवटच्याचा, छाती काढलेला.

आता अडचण आली ती भाषेची. घेणारा पुढं तोंड करून पळत असतो, हात मागं. त्याला दिसत काही नाही. देणाऱ्यानं जवळ आल्यावर एक शब्द ओरडायचा की यानं हात मागं काढायचा. सरांनी शब्द ठरवला 'हँड'. एकच शब्द, तिघांनाही सारखाच परका, म्हणजे कुणाची तक्रार नको. चालत सराव केला तेव्हा सगळे नीट 'हँड' म्हणाले. हळू पळताना म्हणाले. पण भटारखान्यातून जिवाच्या आकांतानं सुटल्यावर माणसाच्या तोंडून जे येतं ते आईनं शिकवलेलं येतं. दूधवाला ओरडला, "धर बे!" इडलीवाला ओरडला, "पट्टुको!" पंक्चरवाला ओरडला, "ले ले ले!" आणि आमचा पुतण्या, ज्याला फक्त घ्यायचं होतं आणि ओरडायचं काहीच नव्हतं, तोही ओरडला, "आलो आलो!"

सर कपाळाला हात लावून बसले. मला विशेष वाटलं नाही. हा सगळा मुलूख निजामाच्या राज्यात एक होता. १९५६ साली भाषेवर रेषा आखल्या तेव्हा मुधोळ-भैंसा तिकडं गेले, बिलोली इकडं राहिली. येसगीचा पूल ओलांडला, मांजरा मागं टाकली की बोधन. तिकडं लोक मराठीत भाव करतात, इकडं तेलुगूत उधारी मागतात आणि दोन्हीकडं दखनीत भांडतात. तीन दिवसांनी सरांनी निर्णय फिरवला. ज्यानं त्यानं आपल्या शब्दात ओरडावं, घेणाऱ्यानं तो पाठ करावा. त्या दिवशी लाटणं एकदाही पडलं नाही. सरांनी स्वतःच्या पैशांनी भजी मागवली.

संध्याकाळी घरी मी पुतण्याला जरा जागतिक ज्ञान देत असे. निवृत्त माणसाला ते आवरत नाही. त्याला सांगितलं, बोल्टचा शंभर मीटरचा विक्रम ९.५८ सेकंदांचा. चार बोल्ट जोडले तर होतात ३८.३२. मग जमैकाच्या चौघांनी २०१२ला लंडनमध्ये ३६.८४ कसे काढले? त्यात बोल्ट तर एकच होता. तर पहिला सोडला की बाकीचे तिघं उभ्यानं सुरुवात करत नाहीत, पळता पळता घेतात. थांबून घेतलं की संपलं.

तो म्हणाला, "म्हणजे चालू बसमध्ये चढल्यासारखं."

तसंच. मी त्याला याच बोल्टची दुसरी गोष्टही सांगितली. २००८च्या बीजिंगमध्ये जमैकानं हीच रिले जिंकली. नंतर संघातल्या नेस्टा कार्टरच्या जुन्या नमुन्यात बंदी असलेलं द्रव्य निघालं आणि २०१७मध्ये सगळ्या संघाचं सुवर्ण काढून घेतलं, बोल्टचंसुद्धा. एका भावानं कर्ज काढावं आणि सातबाऱ्यावर सगळ्यांच्या नावापुढं बोजा चढावा, तसं. हे ऐकून माझा धाकटा भाऊ, म्हणजे पुतण्याचे वडील, उठून बाहेर गेला. आमच्या घरात काही विषय जपून काढावे लागतात.

आणि अमेरिका! जगातली सगळ्यांत वेगवान पोरं त्यांची. त्याच बीजिंगमध्ये त्यांच्या पुरुषांच्याही आणि बायकांच्याही संघानं बॅटन टाकली, दोन्ही शेवटच्या बदलाला. २०२४ला पॅरिसच्या अंतिम फेरीत पुरुषांचा संघ बाद. परंपरा जुनी आहे: पुरुषांची ही शर्यत ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा झाली १९१२ साली, स्टॉकहोमला, आणि अमेरिका तेव्हाही बॅटन हद्दीबाहेर दिल्याबद्दल बाद झाली होती. उलट जपान बघा. २०१६ला रिओत त्यांच्या चौघांतला एकही जण तोवर अधिकृतपणे शंभर मीटर दहा सेकंदांच्या आत पळालेला नव्हता. बॅटन खालून वर, हातात सरकवून द्यायची त्यांची पद्धत, ती घोटून घोटून पक्की केलेली. रौप्यपदक घेऊन गेले. आपली पोरंही २०२३ला बुडापेस्टला चार बाय चारशेत २:५९.०५ पळाली, तेव्हाचा आशियाई विक्रम. प्राथमिक फेरीत अमेरिकेच्या मागोमाग दुसरी आली. अनस, अमोज, अजमल, राजेश. बॅटन कुठंही अडखळली नाही.

"पण काका, साबळे?" पुतण्या म्हणाला.

मराठवाड्यात पळण्याचा विषय निघाला की कुणीतरी अविनाश साबळे काढतोच आणि काढावाच. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा पोरगा, शाळेला पळत जायचा, २०२२च्या राष्ट्रकुलात केनियावाल्यांच्या घोळक्यात शिरून स्टीपलचेसचं रौप्य आणलं. पण साबळेचं एक सुख आहे, ते मी पुतण्याच्या लक्षात आणून दिलं. त्याच्या वाटेत अडथळे असतात, पाण्याचा खड्डा असतो. पण त्याच्या हातात कुणी काही देत नाही आणि तोही कुणाला काही देत नाही.

स्पर्धेच्या दिवशी ऊन पडलं. सकाळी नऊला माती वरून वाळली होती, आतून मऊ होती, ताज्या धपाट्यासारखी. फक्कीच्या रेषा मारल्या, झोनचं वार्षिक भांडण झालं, ३० मीटरवाले जिंकले. पिस्तूल नव्हतं, क्लॅपर होतं. दोन फळ्या बिजागरीनं जोडलेल्या, मध्ये चिमूटभर फक्की. आपटलं की आवाजही होतो आणि लांबून घड्याळवाल्यांना धूरही दिसतो. मी झाडाखाली बसलो होतो. तिसऱ्या झोनचे पंच आलेच नव्हते.

"साहेब, झेंडी धरता का?" आमचे सर विनंती करत होते.

दोन झेंड्या. बदल नीट झाला तर पांढरी, हद्दीबाहेर झाला तर लाल. मी म्हणालो, माझा पुतण्या त्याच झोनमध्ये घेणार आहे, बरं दिसेल का? ते म्हणाले, "साहेब, तालुक्यात कुणाचा तरी पुतण्या असतोच."

बत्तीस वर्षं मी बँकेत दुसऱ्याच्या पैशाला हात लावला नाही. झेंड्या हातात आल्या आणि माझ्या अंगात तोच माणूस परत संचारला. झोनच्या दोन्ही रेषा बघितल्या. लेनमध्ये आलेली दोन शेंबडी पोरं हाकलली. एक शेळी हाकलली. आणि मग मला आमच्याच लेनमध्ये, झोनच्या जरा मागं, एक चप्पल दिसली. निळा पट्टा, एकच, उताणी. मैदानात चप्पल टाकून जायची आपल्या लोकांची ही सवय मला मुळीच आवडत नाही. मी ती दोन बोटांनी उचलली आणि लेनच्या कडेला गवतात नीट ठेवली. लेनच्या बाहेर पण जरा मागं, तीन-चार पावलं. तिथं गवत कोरडं होतं.

जाणकारांना इथंच कळलं असेल. मला कळलं ते नंतर.

घेणारा पोरगा मागं वळून एकच गोष्ट बघतो: येणारा आपल्या खुणेवर कधी पोचतो. पोचला की मान फिरवायची आणि जीव घेऊन सुटायचं. ही खूण आधी पावलं मोजून ठरलेली असते. नियमात त्यासाठी चिकटपट्टी सांगितली आहे. चिकटपट्टी ओल्या मातीला चिकटत नाही, म्हणून बिलोलीत चप्पल. पुतण्यानं मंगल कार्यालयात तीन आठवडे घोटून काढलेली बावीस पावलं त्या निळ्या चपलेत होती.

क्लॅपर वाजलं. दूधवाला कुत्री मागं लागल्यासारखा सुटला. "धर बे!" ऐकू आलं, पलीकडून "पट्टुको!" ऐकू आलं, आणि वळणावरून पंक्चरवाल्याचा पोरगा बाकीच्या तिघांना दहा मीटर मागं टाकून झुकत झुकत येताना दिसला. पुतण्यानं चपलेकडं बघितलं. चप्पल होती. कुठं होती याचा विचार करायला त्याला कुणी शिकवलं नव्हतं. येणारा चपलेपाशी आला आणि हा सुटला. तीन-चार पावलं आधी.

दहा सेकंदांचा खेळ, पण मी तो फार जवळून बघितला. मागून "ले ले ले" असा आवाज. पुढं पुतण्याचा मागं काढलेला हात, पंजा उघडा, बोटं ताणलेली, त्यावर निळ्या शाईनं लिहिलेला गणिताचा कुठला तरी सूत्राचा तुकडा. मध्ये एक वीत हवा. ती वीतभर हवा काही केल्या कमी होईना. फक्कीची रेषा पुतण्याच्या पायाखालून गेली, मग हाताखालून गेली, आणि मग बॅटन त्याच्या पंजात बसली. रेषेच्या एक फूट पलीकडं.

तो सगळ्यांत पुढं पोचला. मैदानात आरडाओरडा, इडलीवाले बाप गाडा सोडून नाचत होते. सर माझ्याकडं बघत होते. मी लाल झेंडी वर केली.

दुसऱ्या क्रमांकाचा संघ नांदेडला गेला. आमच्या चौघांनी क्रीडा सवलतीच्या गुणांचा हिशेब मनातल्या मनात पुसला. पंक्चरवाल्याचा पोरगा जवळ येऊन म्हणाला, "चाचा, एक फूट तर होतं." मी म्हणालो, बाबा, पॅरिसला पण असंच असतं. तो म्हणाला, "पॅरिसमें आपके जैसे चाचा नहीं रहते."

रात्री जेवायला बसलो. वहिनींनी पोळ्या केल्या होत्या, लाटणं जागेवर परत आलं होतं आणि ते पोळपाटावर जरा जास्त जोरात फिरत होतं. भाऊ ताटाकडं बघून जेवत होता. पुतण्या मात्र माझी बाजू घेत होता. "काकाची काय चूक? मीच लवकर सुटलो. खूण चुकली माझी." आणि मग, वाटी पुढं करत, "पण बावीस पावलं मी दोनदा मोजली होती."

मी वरण मागून घेतलं.

चप्पल कुणाची होती ते कळलं नाही. ती मी हलवली हे अजून कुणाला सांगितलेलं नाही. आज पहिल्यांदा तुम्हाला सांगतो आहे. तेव्हा एक विनंती. पुढच्या पावसाळ्यात तो पुन्हा पळणार आहे आणि सरांनी मला पुन्हा झेंडी धरायला बोलावलं आहे. हा अंक वाचून झाला की घरीच ठेवा. बिलोलीच्या बाजूला कुणाच्या हातात देऊ नका.